जोडीनं बसलेलं गाव

मला शिक्षा झाली तेव्हा आमच्या वाडीला सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती झाऱ्याची. माझ्याबद्दल वाईट वाटलं नाही असं नाही, पण माणूस तीन वर्षांनी परत येणार हे ठरलेलं होतं, झाऱ्याचं मात्र कोणी काही सांगेना. तो गावचा झारा होता. मारुतीच्या देवळामागच्या खोलीत गावची भांडी असत, लग्नाला, बारशाला, भंडाऱ्याला सगळ्यांनी मिळून वापरायची. चार टोप, दोन कढया, एक परात, ओगराळी, आणि हा लांब दांड्याचा लोखंडी झारा. पोलिसांनी तो पुरावा म्हणून कापडात गुंडाळून, लाखेचं सील लावून नेला आणि तो तिकडेच राहिला. देवळाच्या भिंतीवर भांड्यांची यादी रंगवलेली आहे. तिच्यात आजही ‘झारा १ (कोर्टात)’ असं वाचायला मिळतं. मध्यंतरी भिंतीला दोनदा रंग दिला, आणि दोन्ही वेळा रंगाऱ्यानं तो कंस इमानानं पुन्हा काढला.

आमची वाडी कडावपासून पायी अर्ध्या तासावर. चहूबाजूंनी भाताची खाचरं, मध्ये तीस-पस्तीस घरं. गावजेवणात प्रत्येक घराला एकेक मान असे. कोणाकडे पाणी वाढायचं, कोणाकडे पत्रावळी आणायच्या. आमच्या घराकडे कढईचा मान होता, म्हणजे बुंदी किंवा भजी तळायची ती आमच्याच घरातल्या पुरुषानं. आणि शेजारच्या बाबूतात्यांच्या घराकडे पानं मोजायचा मान होता. पंगत बसली की तात्या दोन रांगांच्या मधून सावकाश चालत जायचे, ओठ हलवत, हात मागे बांधून, आणि शेवटी आचाऱ्यापाशी येऊन आकडा सांगायचे. त्या आकड्यावर पुढचा स्वयंपाक चालायचा. त्यांच्या आजोबांनी मोजलं, बापानं मोजलं, त्यांनी मोजलं, आणि तात्यांचा आकडा चुकला असं कधी कोणी ऐकलं नव्हतं. माझा बाप लवकर गेला आणि कढईचा मान माझ्याकडे आला. तळण्याची कला मात्र बापाबरोबर गेली होती. एकवीस वर्षांचं वय, अंगात मस्ती, आणि डोकं तेलाआधी तापायचं.

ज्या लग्नात ते घडलं त्यात दुसऱ्या पंगतीला तात्यांनी येऊन सांगितलं, ‘‘एकशे वीस.’’ मी हो म्हणालो. मग वराकडच्या मंडळींत बसलेल्या एका हिरव्या साडीकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो आणि मागे वळलो तर कढईत बुंदीचे कोळसे झालेले. आता हे सांगायला सोपं वाटतं, पण त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. बापाचा मान, पहिलंच मोठं कार्य, आणि हे. कोणी बघत नाही असं पाहून मी तो सगळा घाणा मांडवामागे, जिथं उष्ट्या पत्रावळी टाकतात त्या खड्ड्यात लोटला. साक्षीदार एकच, गावातलं एक लंगडं कुत्रं. त्यानं हुंगून पाहिलं आणि न खाता निघून गेलं, यावरून बुंदीची कल्पना यावी. पुढं व्हायचं ते झालं. चाळीस पानांवर बुंदी पडली नाही, तीही नेमकी वरपक्षाच्या. नवऱ्या मुलाचा मामा उठून उभा राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हणालो, ‘‘तात्यांनी ऐंशीच पानं सांगितली.’’

तात्या पुढं आले. ‘‘नामा, मी एकशे वीस सांगितली रं,’’ ते म्हणाले, ओरडून नाही, साध्या आवाजात. ‘‘ऐंशी,’’ मी म्हणालो. ‘‘एकशे वीस,’’ ते म्हणाले. त्यांनी माझा दंड धरला. माझ्या दुसऱ्या हातात झारा होता. पुढे कोर्टात वकिलांनी पुष्कळ कारणं सांगितली, पण खरं कारण एवढंच, की तो माणूस खरं बोलत होता आणि ते मला सहन झालं नाही. तात्यांचा डावा डोळा गेला.

खटला चालला तेवढे दिवस माझी आई आणि तात्यांची बायको काशीकाकू दोघी फाट्यावरून एकाच एसटीनं कर्जतला यायच्या. एक आरोपीची आई, एक जखमीची बायको. कोर्टात दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसायच्या, तसं बसायचं असतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दुपारी बाहेर कडुनिंबाखाली एकाच फडक्यातली तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खायच्या. माझ्या वकिलानं बुंदीचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं, बुंदीपायी डोळा गेला म्हटलं तर कोर्टात हसं होईल म्हणे. सरकारी वकिलालाही तेच वाटलं असावं. त्यामुळे कागदावर ‘जुन्या वैमनस्यातून’ असं आलं. ते वाचल्यावर काशीकाकू आईला म्हणाली, ‘‘जुनं कुठलं गं? आदल्या दिशी आमच्याकडं जेवला नाय का तो?’’ किती पानं होती, हे मला अख्ख्या खटल्यात एकदाही कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हा प्रश्न मी आज सत्तरीला टेकल्यावरही स्वतःला विचारतो आणि उत्तर आवडत नाही म्हणून उठून चहा करतो.

तुरुंगाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तिथं पहिली गोष्ट शिकलो ती गिनती. सकाळी कुलूप उघडताना आणि संध्याकाळी कुलूप लावताना सगळ्यांनी जोडीजोडीनं खाली बसायचं. ‘‘जोडी में बैठो!’’ अशी आरोळी आली की शेजारी कोण आहे ते न बघता गुडघ्याला गुडघा लावायचा. शिपाई काठीनं दोन, चार, सहा करत जायचा. एखादा जादा उरला, म्हणजे संख्या विषम आली, की त्या उरलेल्याकडे सगळे असे बघायचे जसं काही त्यानं मुद्दाम केलंय. आकडा जुळला नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मग लांबून आवाज यायचा, ‘गिनती बरोबर’, आणि शेकडो माणसांचा एकदम श्वास सुटायचा. पहिले सहा महिने मला त्या प्रकाराची चीड होती. नंतर नंतर तो आवाज ऐकल्याशिवाय जेवण गळ्याखाली उतरेना.

कागदावर ‘व्यवसाय: आचारी’ लागलं असल्यामुळे मला स्वयंपाकघरात टाकलं. तिथं एक म्हातारा जन्मठेपेचा कैदी मुख्य होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. त्यानं माझ्या हातची पहिली चपाती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, ‘‘कर्जतकडचं सगळं गाव आंधळं हाय का?’’ त्यानं मला पहिल्यापासून शिकवलं. विस्तव कसा धरायचा, डाळ कधी हलवायची, तीनशे माणसांचं मीठ हातानं कसं ओळखायचं. वर्षभरानंतर एकदा माझ्याकडून डाळीचा अख्खा टोप लागला. माझे डोळे आपोआप खड्डा शोधायला लागले. पण तुरुंगात खड्डा कुठला? डाळ मोजून आलेली, माणसं मोजलेली. मास्तर मला घेऊन साहेबापुढं उभा राहिला. साहेबानं एका कागदावर लिहिलं, ‘डाळ लागली. कारण: लक्ष नव्हतं.’ मला सही करायला सांगितली, महिनाभर कँटीन बंद केलं, आणि म्हणाला, ‘‘जा, दुसरी टाक.’’ मी तिथंच उभा. मला वाटलं, अजून काहीतरी राहिलंय. काहीच राहिलं नव्हतं. प्रकरण संपलं होतं. एवढ्यात संपतं ते, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर तात्यांना दोन डोळे असते. त्या दिवशी मी दुसरी डाळ टाकताना रडलो. मास्तर म्हणाला, मिठाचा अंदाज चुकेल, बाजूला होऊन रड.

चांगल्या वागणुकीची सूट मिळून मी अडीच वर्षांत सुटलो. घरी आलो तर आई अंगणात कोंबड्या डालग्याखाली घालत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, हातातली कोंबडी आत ढकलली आणि म्हणाली, ‘‘वाळलास. हातपाय धू.’’ रात्री तिनं सुकटीचं कालवण केलं होतं, चुलीवरची भाकरी फुगताना जो हलका फुस्स आवाज होतो तो मी अडीच वर्षांनी ऐकला आणि मला भरून आलं. पण घास उतरेना. मी उठून पुन्हा अंगणात जाऊन मांडी घालून बसलो. आई मागून आली. ‘‘काय झालं रं?’’ मला सांगायची लाज वाटली, तरी सांगितलं. कोणी मोजलं नाही.

दुसरी एखादी आई असती तर देवऋषी बघितला असता. माझ्या आईनं थोडा विचार केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोंबड्या मोजून झाल्यावर तिनं पुढं चालू ठेवलं, ‘‘कोंबड्या अकरा, म्हस एक, नामा एक. बरोबर.’’ आणि ‘बरोबर’ म्हणताना माझ्या डोक्यावर खराट्याची काडी टेकवली. मी आत जाऊन पाच भाकऱ्या खाल्ल्या. तेव्हापासून ते रोजचं झालं. म्हैस एखाद्या दिवशी रानातून उशिरा आली तर मला तिच्यासाठी थांबावं लागे, कारण क्रम मोडायला आई तयार नसे.

खरा घोळ पुढं होता. गावात एक साखरपुडा होता आणि मी लांब उभा राहून पंगत बघत होतो. बाबूतात्या हात मागे बांधून दोन रांगांच्या मधून निघाले. डावा डोळा मिटलेला, मान सरळ. ते फक्त उजवीकडची रांग मोजत होते. टोकाला पोचल्यावर त्यांनी आकडा दुप्पट केला आणि आचाऱ्याला सांगितला, ‘‘शंभर.’’ आणि आकडा बरोबर होता! कारण त्यांच्या डाव्या बाजूला, जिकडे त्यांना दिसत नव्हतं, तिकडे माणसं वाकून पळत होती. उजव्या रांगेत एक जादा झाला की डावीकडे एक आणून बसवायचा, कमी झाला की एकाला बखोटीला धरून उठवायचं. दोन म्हातारे केवळ याच कामाला ठेवलेले होते, कमी पडेल तिकडे भर घालायला. ते बिचारे कधी कधी तीन ठिकाणी बसून चौथ्या ठिकाणी जेवत. पाहुणा एकटा आला तर त्याला दुसऱ्या पंगतीपर्यंत थांबवत. आमंत्रणालाच सांगत, ‘‘जोडीनं या.’’ अख्खं गाव जोडीनं बसायला शिकलं होतं. मी कुलपातून सुटून आलो आणि बघतो तर गावच गिनतीला बसलेलं.

‘‘हे कवापास्नं?’’ मी आईला विचारलं.

‘‘तू गेलास तवापास्नं,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांला कोन सांगनार? बुंदीच्या दिशी त्यांची मोजनी चुकली असं सगळ्यांला वाटतं. दोन डोळ्यांनी चुकली, आता एका डोळ्यानं मोजतात म्हनून मान काढून घेतला तर मरतील ते. मंग आमीच बरोबर बसतो.’’

माझा समज होता की मी तात्यांचा डोळा घेतला आणि त्याची भरपाई अडीच वर्षं केली. आता कळलं की डोळा हे लहान नुकसान होतं. मी त्यांचा आकडा घेतला होता, आणि तो अजून माझ्या खिशात होता.

गावानं मला हाकललं नाही. कामाला बोलावलं, टोप उचलायला, लाकडं फोडायला. पण पंगतीत बसायला गेलो की कोणीतरी कानाशी येऊन सांगे, ‘‘नामा, ऊठ रं बाबा, विषम होतंय.’’ माझ्या समोर जोडीला बसायला कोणी धजत नव्हतं. राग म्हणून नव्हे, तात्यांना काय वाटेल म्हणून. एकदा तर एकानं अगदी मनापासून सुचवलं, ‘‘तू लगीन कर, मंग दोघं बसा.’’ मी पान उचलून घरी येऊन जेवायचो. आईला ते लागायचं. ती भांडी जोरात आपटायची. आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगून काय, सगळं नीट बसलंय, उगाच कशाला. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला ‘उगाच कशाला’ हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

मग हनुमान जयंतीचा भंडारा आला. कढईचा मान तात्पुरता दुसऱ्या घराकडे गेला होता, आणि त्या घरानं तळलेली भजी बघून मला मास्तरची आठवण झाली. दुपार झाली. देवळासमोर दोन लांब रांगा बसल्या. आईनं माझा हात धरला आणि मला डाव्या रांगेच्या अगदी टोकाला नेऊन बसवलं. ‘‘आये, विषम होईल,’’ मी म्हणालो. ‘‘होऊ दे,’’ ती म्हणाली आणि काशीकाकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघींनी पदर खोचले होते. मला संशय आहे, की कोर्टाच्या कडुनिंबाखालीच त्यांचं काहीतरी ठरलं असावं.

माझ्या समोरची जागा रिकामी. रांगेत कुजबुज सुरू झाली. भर घालणारे दोन्ही म्हातारे धावत आले, माझ्या समोर बसायला वाकले आणि मी कोण आहे ते बघून तसेच वाकलेले राहिले. तात्या निघाले होते. त्यांची पावलं मला ऐकू येत होती. शिपाई काठी घेऊन यायचा तेव्हाही मी कधी इतका कान देऊन ऐकलं नव्हतं. ते टोकाला आले, ‘‘सत्तेचाळीस,’’ असं पुटपुटले, आणि दुप्पट करायला तोंड उघडलं.

‘‘तात्या, एकशे वीस!’’ मी ओरडलो.

ते थांबले. सगळं गाव थांबलं. वाढपी ओगराळं उंच धरून उभा राहिला आणि त्यातून डाळ त्याच्याच पायावर सांडत होती.

‘‘त्या लग्नात तुमी एकशे वीस सांगितली व्हती,’’ मी म्हणालो. ‘‘बरोबर सांगितली व्हती. मी घाणा जाळला नि खड्ड्यात टाकला. माझं लक्ष नव्हतं. तुमचा आकडा कदी चुकला नाय.’’

तात्या माझ्याकडे बघत होते आणि त्या एका डोळ्यात पाणी येत होतं. मला वाटलं, आता मारतील, आणि मारावं असंही वाटलं. ते म्हणाले, ‘‘मंग तवाच सांगायचं न्हवतं का रं गाढवा? पंगत थोडी थांबवली असती. लगेच उठनार व्हती का मंडळी?’’

एवढंच. मग ते गावाकडे वळले आणि मी त्यांना पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. ‘‘ऐकलं का रं सगळ्यांनी? एकशे वीस! मी काय म्हनत व्हतो?’’ कोणी वर बघेना. ‘‘आनि ती माज्या मागची पळापळ आता बंद करा. डोळा गेलाय, मान फिरते माजी. मला पहिल्या दिसापास्नं म्हाईत हाय.’’

‘‘मंग बोल्ला का नाय तुमी?’’ भर घालणाऱ्यांतला एक म्हातारा कळवळून म्हणाला. त्याचे गुडघे गेले होते त्या कामात.

‘‘तुमी एवढं धावताय माज्यासाठी, म्हटलं कशाला मोडू,’’ तात्या म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना मोकळं बसायला सांगितलं, जिथं वाटेल तिथं. आणि ते पुन्हा पहिल्यापासून निघाले, या वेळी मान वळवत, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांनी बोट माझ्या टाळूला टेकवलं आणि म्हणाले, ‘‘पंच्याण्णव.’’ आचाऱ्याकडे वळून मोठ्यानं पुन्हा म्हणाले, ‘‘पंच्याण्णव! विषम!’’ इतक्या आनंदानं विषम म्हणणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

त्या भज्यांइतकी वाईट भजी मी आयुष्यात खाल्ली नाहीत आणि त्या जेवणाइतकं चांगलं जेवण पुन्हा झालं नाही. पुढच्या कार्याला कढई माझ्याकडे परत आली. नंतर आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली आणि तळणं हेच माझं आयुष्य झालं. जिथं जळलं तिथं आधी ओरडून सांगायचं हा माझा नेम झाला, त्यामुळे काही लोक मला वेडा समजत. तात्या गेले तोपर्यंत माझ्या प्रत्येक पंगतीला तेच मोजायला असत. हल्ली शेलूच्या नव्या इमारतींमधल्या लग्नांना जातो तेव्हा ताटली हातात घेऊन उभ्यानं जेवतो. कोपऱ्यात एकजण रिकाम्या ताटल्या मोजत असतो. माणसं कोणी मोजत नाही.

भंडाऱ्याच्या त्या संध्याकाळी मी सवयीनं अंगणात जाऊन मांडी घालून बसलो. आई कोंबड्या डालग्याखाली घालत होती. ‘‘कोंबड्या अकरा,’’ ती म्हणाली, ‘‘म्हस एक. बरोबर.’’ आणि खराटा भिंतीला लावून ठेवला.

‘‘आये, मी ऱ्हायलो,’’ मी म्हणालो.

‘‘तुला दुपारी मोजलाय तात्यांनी,’’ ती म्हणाली. ‘‘ऊठ, म्हशीला पाणी दाव.’’